खिशातला लॅम्बफूट

इंग्लंडात खिशात चाकू ठेवायचा असेल तर आधी मोजपट्टी काढावी लागते. चाकू घडीचा हवा, धारेची लांबी तीन इंचांच्या, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये, आणि उघडलेलं पातं कुठलीही कळ न दाबता मिटता आलं पाहिजे. एवढं जमलं की ‘हा कशाला बाळगलास?’ या प्रश्नाला उत्तर देणं कायद्याने बंधनकारक नाही. १९८८च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं १३९वं कलम ते हे. मोजायची ती धार, अख्खं पातं नव्हे, हे कलमातच आहे. लॉक नसण्याची अट मात्र नव्वदच्या दशकातल्या न्यायालयीन निकालांनी आणली. अर्थात कुणाला इजा करायच्या हेतूने बाळगला तर एक इंचाचा चाकूही गुन्हाच ठरतो, आणि कोर्टात किंवा विमानतळाच्या तपासणीपलीकडे तो नेता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मला मौज वाटते ती अशी, की चाकूंना आवर घालायला केलेल्या या कायद्यात, चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या शेफील्ड शहराचा जुन्या घडणीचा चाकू मापून शिवल्यासारखा बसतो. त्याला लॉक कधी नव्हताच. मुठीच्या पाठीला एक पोलादी पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचा मुठीतला भाग चौकोनी असतो आणि पट्टी त्याच्यावर दाबून बसते. पातं उघडताना ती किंचित वर उचलली जाते, पुन्हा सपाट बाजू आली की खाली बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. एवढीच यंत्रणा. याला स्लिप जॉइंट म्हणतात. अठराव्या शतकातले शेफील्डचे कारागीर जे करत होते तेच आजचे मोजके उरलेले कारागीर करतात, आणि कायद्यालाही नेमकं तेच चालतं.

शेफील्डला मी आलो तो नोकरीपायी. एका रुग्णालयात उपकरणांच्या देखभालीचं काम करतो. चाकूची ओळख मात्र त्याच्या आधीची. आमचं घर दापोलीजवळचं, काकांची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका. घरात कुणाच्या ना कुणाच्या खिशात कलमाचा चाकू असायचाच आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मुंबईला शिकायला गेलो तेव्हा कळलं, की शहरात चाकू म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर रामपुरी येतो.

इथे आमच्या विभागात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ होते. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारत. वडिलांहून मोठ्या माणसाला नावाने हाक मारणं मला अजून जमत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना मिस्त्रीच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो. दुपारी डबा झाला की मिस्त्री खिशातून काळ्या मुठीचा चाकू काढत, सफरचंदाच्या फोडी करत, पातं पँटवर दोन्ही बाजूंनी पुसत आणि मिटून टाकत. पात्याचा रंग निळसर करडा होता. त्याला टोक असं नव्हतंच. धार एकदम सरळ आणि पाठ हळूहळू उतरत येऊन पुढे तिला टेकलेली. मी निरखून पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा चाकू मिटून माझ्या हातात दिला. उघडा चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, हा त्यांचा पहिला धडा.

तो लॅम्बफूट होता. मेंढ्यांचे खूर साळायला मेंढपाळ असला चाकू वापरत. टोक नसल्यामुळे जनावर दचकलं तरी त्याला भोसकण्याची भीती नाही, आणि धार सरळ असल्यामुळे खुराची वाढलेली कड एका दाबात निघते. मला तो पाहताक्षणी आवडला, कारण सरळ धारेने काप सपाट येतो हे मी लहानपणापासून पाहिलं होतं.

मग जुन्या बाजारांत फिरणं सुरू झालं. इथे रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. शिवाय जुन्या वस्तूंच्या दुकानांत काचेच्या पेट्या असतात. चाकू बहुतेक वेळा चमचे, बिल्ले आणि बंद पडलेल्या घड्याळांबरोबर एकाच ट्रेमध्ये पडलेले. काय बघायचं ते मिस्त्रींनी शिकवलं, आणि ते क्रमाने बघायचं असा त्यांचा हट्ट होता. आधी पातं किती उरलंय ते. पन्नास वर्षं कुणी तरी दगडावर घासलेलं पातं अर्धं झालेलं असतं. नख अडकवायची खाच धारेच्या फार जवळ आली असेल तर समजायचं, की चाकूचं आयुष्य सरलंय. मग पातं उघडून अंगठ्याने आणि तर्जनीने डावी-उजवीकडे हलवून बघायचं. थोडं हललं तर चालतं, लडबडत असेल तर नको. मग स्प्रिंगचा आवाज. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. हौशी मंडळी याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. काहींची स्प्रिंग इतकी कडक असते की नख तुटतं. त्यांना ‘नेल ब्रेकर’ म्हणून मिरवणारेही आहेत. मला त्यात काही शौर्य दिसत नाही. सगळ्यात शेवटी मुठीच्या फळ्या, तडे आणि कंपनीची खूण.

खूण शेवटी का, असं विचारलं तर मिस्त्री म्हणाले, की नाव वाचलं की डोळे बंद होतात.

मला मिळाला तो चाकू अर्धा उघडत होता आणि तिथेच थांबत होता. पात्यावर तांबूस गंजाची साय, काळ्या शिंगाची मूठ कोरडी पडून पांढुरकी झालेली, स्प्रिंग आणि पितळी अस्तराच्या मधल्या फटीत कापसाच्या तंतूंचा आणि मातीचा घट्ट थर. पण पातं भरपूर शिल्लक होतं, जवळजवळ पूर्ण. विकणाऱ्या बाईंनी तो कागदात गुंडाळून दिला आणि ‘देअर यू गो, लव्ह’ म्हणाल्या. इथे भाजीवाल्यापासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे कुणालाही लव्ह म्हणतात.

घरी आल्यावर पहिलं काम मोजपट्टीचं. धार तीन इंचांहून अंमळ कमी भरली. मग तेल. गंजून अडकलेला चाकू पकडीने ओढायचा नाही. पातं वाकतं किंवा खाचेपाशी कपचा उडतो. सांध्यात पातळ तेलाचे थेंब सोडायचे, चाकू सांधा वर करून कपात उभा ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. अधूनमधून चामड्याच्या तुकड्यात पातं धरून जेवढं सहज हलेल तेवढंच हलवायचं. हलवलं की सांध्यातून काळं तेल बाहेर येतं, ते पुसायचं आणि नवं सोडायचं. पाण्यात मात्र बुडवायचं नाही. शिंग पाणी पितं, फुगतं आणि वाळताना तडकतं.

पातं मोकळं झाल्यावर आतली सफाई. दात कोरायच्या काड्या, कान साफ करायच्या काड्या आणि जुना टूथब्रश एवढ्यावर काम भागतं. फटीतून जे निघालं त्यात तंबाखूचे कण होते. मिस्त्रींनी ते चिमटीत धरून हुंगले. पाइप ओढणाऱ्याचा चाकू, असा त्यांचा निवाडा.

गंज काढायला मिस्त्रींनी मला एक पेनी दिली आणि ती जपून ठेवायला सांगितली. पेनी १९९२च्या आधीची हवी. त्याआधीची नाणी ब्राँझची, नंतरची पोलादाची आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेली. ब्राँझ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे तेल लावून नाण्याच्या कडेने खरवडलं तर गंजाचे फोड निघतात आणि खालच्या पोलादावर ओरखडा येत नाही. नवी पेनी लोहचुंबकाला चिकटते, जुनी चिकटत नाही, ही ओळख. संध्याकाळी टीव्ही बघत बघत नाणं पात्यावरून फिरवत बसायचो. बायको म्हणाली, एवढ्या निगुतीने कधी तवा घासला नाहीस.

उरलेला गंज सर्वांत बारीक स्टील वूल आणि तेलाने निघाला. त्याच्या पुढे जायचं नाही. पॉलिशच्या चाकावर पातं आरशासारखं करता येतं, बाजारात असे चकचकीत केलेले चाकू पुष्कळ दिसतात. पण त्यात जुन्या कारागिराने सोडलेल्या कडा बोथट होतात, ठशाची अक्षरं पुसट होतात आणि शंभर वर्षांच्या वापराने आलेली करडी झाक जाते. गंज पोलाद खातो, झाक त्याला राखते. माझ्या मते जुना चाकू चमकवणं हा त्याचा अपमान आहे, आणि जाणकार गिऱ्हाईकही अशा चाकूला कमीच पैसे देतं.

मग भिंग घेऊन ठसा वाचायला बसलो. पात्याच्या बुडाशी आधी एक चांदणी दिसली, तिच्या शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे आठ टोकांचा क्रूस. ही जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण. शेफील्डची कटलर्स कंपनी म्हणजे चाकूकारांचा संघ, १६२४ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेला. कोणाची खूण कोणती ते हा संघ ठरवी. चांदणी आणि क्रॉस १६८२ साली नोंदले गेले आणि पुढच्या शतकात रॉजर्सकडे आले. ही खूण इतकी नावाजली की तिच्या नकला व्हायला लागल्या. असल्या नकली मालाविरुद्ध शेफील्डकरांनी केलेल्या आरडाओरड्याचा वाटा १८८७च्या मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्टमध्ये आहे. म्हणून खुणेवर एकदम विश्वास टाकत नाहीत, घडणही बघतात. चाकूच्या घडणीवर मिस्त्रींनी समाधानाने मान डोलावली.

खुणेखाली ‘कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ अशी अक्षरं लागली. म्हणजे गादीवर राजा. व्हिक्टोरिया राणी १९०१मध्ये गेली, पुढची राणी १९५२मध्ये आली. तेव्हा चाकू या दोन सालांमधला. त्याहून जवळ जाता येईना आणि मला तेवढं पुरे होतं. माझ्या ओळखीतले काही संग्राहक ठशातल्या अक्षरांच्या वळणावरून दशक काढतात आणि त्यावरून तावातावाने भांडतात. ऐकायला मजा येते.

असल्या चाकूला किती हात लागत हे मला शेफर्ड व्हीलला गेल्यावर कळलं. पोर्टर नावाच्या ओढ्यावरची ही पाणचक्की, शहराच्या पश्चिमेला झाडीत. १९३० सालापर्यंत तिथे पाती घासली जात. आता दुरुस्त करून लोकांना दाखवतात. शेफील्डला डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्स्ली, रिव्हलिन अशा पाच नद्या, आणि त्यांच्या काठांवर असल्या कितीतरी चक्क्या होत्या. आत गेलं की अंधारी, बुटकी खोली. दोन बाजूंना जमिनीत अर्धे बुडलेले वाळूच्या दगडाचे चाक. प्रत्येकाच्या मागे लाकडी घोडा. कारागीर त्यावर टांग टाकून पुढे वाकून बसायचा आणि दोन्ही हातांनी पातं दगडावर दाबायचा. दगड पाण्यात फिरायचा, त्याचा पिवळा राडा भिंतींवर उडायचा. तो अजून भिंतींवर आहे. दगड फिरता फिरता फुटला तर माणूस जागीच जायचा. काट्याचमच्यातले काटे कोरड्या दगडावर घासणाऱ्यांचं तर दगड न फुटताच व्हायचं. धूळ फुप्फुसात जाऊन ते ऐन तारुण्यात मरत. रुग्णालयात नोकरी करणाऱ्याला त्या खोलीत उभं राहिल्यावर आधी छातीचे एक्स-रे आठवतात.

चाकू बनवणं हे एका माणसाचं काम नसे. पातं घडवणारा एक, घासणारा दुसरा, आणि पातं, स्प्रिंग, अस्तर, फळ्या एकत्र आणून खिळ्यांनी जोडणारा तिसरा. असे छोटे स्वतंत्र कारागीर भाड्याच्या खोल्यांत बसून मोठ्या कंपन्यांचं काम घेत. त्यांना इथे लिटल मेस्टर म्हणतात. मिस्त्रींची आत्या पॉलिशच्या चाकावर होती. तिथे बहुतेक बायकाच असत. त्या कपड्यांवर खाकी कागद आणि वर्तमानपत्रं गुंडाळत, कारण चाकावरून उडणारी काळी पेस्ट कशानेच निघत नसे. आत्या घरी येताना ट्राममध्ये उभीच राहायची, बसलीच तर सीट काळी होईल म्हणून, असं ते सांगत.

केलम आयलंडच्या संग्रहालयात मी या लोकांची अवजारं पाहिली. तिथल्या हॉली संग्रहात अवजारांचा अक्षरशः ढीग आहे. त्यातलं एक मला विसरता येत नाही. मुठीच्या फळीत चांदीची छोटी ढाल बसवतात ना, तिच्यासाठी नेमकी त्याच आकाराची खोबण लागते. त्यासाठी पार्सर नावाचं अवजार. त्याला पोलादाचे दोन लवचीक पाय असतात आणि ते ढालीच्या आकाराच्या पत्र्यात फिरतात. कारागीर छातीला पट्टी लावून त्यावर रेलायचा आणि धनुष्यासारख्या काठीच्या दोरीने ते पुढे-मागे फिरवायचा. पत्र्याची कड पायांना हद्दीबाहेर जाऊ देत नाही, आणि हस्तिदंतात किंवा शिंगात ढालीची हुबेहूब खोबण उतरते. स्टॅन शॉ हे या परंपरेतले शेवटच्या मोठ्या कारागिरांपैकी. चौदाव्या वर्षी इबर्सनच्या कारखान्यात लागले आणि २०२१ साली, नव्वदी उलटल्यावर गेले. चाकूचं सगळं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करणारा माणूस, म्हणून त्यांचं नाव इथे अजून आदराने घेतात.

मूठ मात्र बरीचशी आपल्याकडून यायची, हे मला उशिरा कळलं. शेफील्डच्या उत्तम चाकूंना हरणाच्या शिंगाची खडबडीत मूठ असे आणि त्यात सगळ्यात मानाचं शिंग आपल्या सांबराचं. सांबराचं शिंग आतून भरीव असतं, घासलं तरी मधला भुसभुशीत भाग लवकर उघडा पडत नाही. दरवर्षी जंगलात गळून पडलेली शिंगं गोळा होऊन जहाजाने इकडे येत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. तेव्हापासून जुना साठा असलेला कारागीर तो तोलून-मापून वापरतो, आणि संग्राहक ‘इंडियन स्टॅग’ असा उच्चार हळू आवाजात करतात. बंदी योग्यच होती असं माझं मत आहे. गळलेलं शिंग कोणतं आणि मारलेल्या जनावराचं कोणतं, हे गोणीत कोण बघणार? माझ्या चाकूची मूठ म्हशीच्या शिंगाची. शिंग गरम करून दाबून सपाट करतात, मग त्याच्या फळ्या कापतात. तिला खनिज तेलाचा हात दोनदा दिला आणि वरून ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स. पांढुरकेपणा गेला आणि काळ्यात मधेच मधाच्या रंगाची एक शीर दिसायला लागली.

धार लावायला लॅम्बफूटइतका सोपा चाकू नाही. धारेला पोटासारखी गोलाई नाही, टोक नाही, त्यामुळे दगडावर हात एकाच कोनात सरळ ओढायचा. कडेवर मार्करने शाई लावायची आणि दोन-चार हात मारून बघायचं. शाई जिथे उरली तिथे दगड लागत नाहीये. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला धारेची बारीक कुस येते, नखाला ती अडकते. मग बाजू बदलायची. शेवटी चामड्यावर उलटे हात. धार लागल्यावर एक पथ्य पाळायचं. पातं मिटताना सोडून द्यायचं नाही, बोटाने सावकाश आत न्यायचं. सुटं सोडलं तर काही चाकूंची धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि मिळवलेलं सगळं जातं.

मग बाळगायचा प्रश्न. बायकोचं म्हणणं स्पष्ट होतं. मिस्त्री गोरे आणि म्हातारे, त्यांच्या खिशात चाकू म्हणजे सफरचंद. तुझ्या खिशात चाकू म्हणजे पोलिसांना काय वाटेल? रस्त्यात अडवून झडती घेण्यात गोऱ्यांपेक्षा इतरांची पाळी जास्त येते हे इथलं उघड सत्य आहे, त्यामुळे तिला वेड्यात काढायची सोय नव्हती. शिवाय या देशात चाकूहल्ल्यांत पोरं मरतात. लोकांनी पेट्यांमध्ये आणून टाकलेल्या आणि पोलिसांनी जप्त केलेल्या सुमारे एक लाख चाकूंचा ‘नाइफ एंजल’ नावाचा उंच पुतळा गावोगाव फिरवला गेला. तो फोटोत पाहिला तरी छंदाबद्दल फार तोंड वर करून बोलवत नाही.

आम्ही मधला मार्ग काढला. कायदा मी पाठ केला, रात्री शहरात जाताना चाकू घरी ठेवायचा असं ठरवलं. बाकी दिवसा, डोंगरात फिरायला, बागेत, कामावर तो खिशात असतो. कामावर आधी साहेबांना विचारून घेतलं. कायदा चालवून घेत असला तरी जागेच्या मालकाचे नियम वेगळे असू शकतात. आजवर झडती झालेली नाही.

खिशात राहायला लागल्यावर चाकू आपोआप कळत गेला. मुठीचं बूड गोल का, तर खिशाला भोक पडू नये म्हणून. टोकांना लोखंडी टोप का, तर सांध्याचा ताण लाकडाने किंवा शिंगाने सोसत नाही म्हणून. पातं साध्या कार्बन पोलादाचं, ते ओलं ठेवलं की तासाभरात ठिपके धरतं. म्हणून मिस्त्री पँटला पुसायचे. सफरचंदाने निळी झाक येते. कांद्याने करडी. एप्रिल-मेमध्ये इथल्या देशी दुकानात हापूसची पेटी येते. पहिला आंबा याच चाकूने कापला तर फोडीला लोखंडाचा वास लागला आणि पातं कैरी चिरलेल्या विळीसारखं काळं पडलं. आंबा आता स्टेनलेसच्या सुरीने. स्टेनलेस पोलादाची सुरुवातही याच शहरात १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने केली, आणि त्याच्या पहिल्या सुऱ्या इथल्या पोर्टलंड वर्क्समध्ये झाल्या. पण ती खिशात टिचकी मारून बसत नाही.

संग्राहकांत दोन तट आहेत. एक तट चाकू तेलकट कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवतो, उघडतोसुद्धा मोजून. न वापरलेल्या जुन्या चाकूला ते ‘मिंट’ म्हणतात आणि त्याची किंमत वापरलेल्याच्या कितीतरी पट. दुसरा तट वापरणाऱ्यांचा. अमेरिकेतल्या हौशींनी अलीकडे लॅम्बफूट उचलून धरलाय. मेंढी न पाहिलेले लोक शेफील्डच्या कारागिरांकडे हा आकार मागवतात आणि थांबायचीही त्यांची तयारी असते. मला पहिल्या तटाचा रागही येत नाही. त्यांनी न वापरलेले चाकू जपले म्हणून तर मूळ घडण कशी होती ते बघता येतं. कटलर्स हॉलमधला नॉरफोक नाइफ, १८५१च्या भव्य प्रदर्शनासाठी रॉजर्सने केलेला पंचाहत्तर पात्यांचा अजस्र चाकू, कुणी खिशात घालणार आहे का? पण माझा जीव त्यांच्यात रमत नाही. उघडमीट झाली नाही तर स्प्रिंगचं काम मला समजलं असं वाटतच नाही.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना एक जुना छोटा पेननाइफ दिला. त्यांनी खिसे चाचपले आणि माझ्या तळहातावर एक पेनी ठेवली. चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, म्हणून घेणाऱ्याने नाणं द्यायचं आणि व्यवहार केला असं दाखवायचं. आमच्याकडे हातावर मीठ देत नाहीत, भांडण होतं म्हणून, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं.

गेल्या खेपेला लॅम्बफूट सामानात घालून दापोलीला नेला. हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनमध्ये चालतो. काकांनी तो उघडला, मिटला, परत उघडला आणि स्प्रिंग ऐकून ‘हं’ म्हणाले. मग अंगठ्यावर धार पाहिली. अंगणात कलमाच्या काड्यांची जुडी पडली होती, त्यातली एक उचलून पाचर काढली. काडी डोळ्यांसमोर आडवी धरून मला दाखवली. काप सपाट दिसत होता, पण दुसऱ्या काडीच्या कापाला लावून उजेडात धरला तर मधून केसाएवढी फट दिसत होती.

‘धार मस्त आहे रे. पण ही दोन्ही अंगांनी उतरवलेली. कलमाला एका अंगाची लागते. नाहीतर काप पोखरल्यासारखा येतो. रस मिळत नाही नीट.’

‘हा मेंढ्यांच्या खुरांसाठी आहे, काका.’

‘मग मेंढ्यांना बरा,’ म्हणाले. ‘तुमच्या त्या गावात कलमाचे करत नाहीत का कोण?’

करत होते. सेनॉर हे नाव माळ्यांच्या चाकूंसाठी प्रसिद्ध होतं. डोळा भरायचे चाकू, मुठीच्या शेवटी साल उचलायला हाडाची चपटी जीभ असलेले. सध्या मी ट्रेमध्ये तेच धुंडाळतो. बहुतेकांची जीभ मोडलेली असते. मागच्या महिन्यात जीभ शाबूत असलेला एक सापडला, मूठ पिवळटलेली, सांधा घट्ट. पातं उघडून कडेने पाहिलं तर मधल्या कोणीतरी तो दोन्ही अंगांनी घासलेला. एका बाजूने पुन्हा सपाट करायचा तर पातं निम्मं जाईल. परत ठेवला आणि पुढच्या टेबलाकडे गेलो.